वाचकांचे प्रश्न : ताकदवान इंजिनाचे स्पार्क प्लग

या वेळचे बहुतेक प्रश्न टर्बो किंवा ट्यून केलेल्या पेट्रोल गाड्यांच्या प्लगबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझ्या दोन लिटर टर्बो गाडीचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून करून साधारण ८० अश्वशक्ती वाढवली आहे. ट्यूनर म्हणतो, मूळ प्लगपेक्षा एक नंबर थंड प्लग टाका. थंड प्लगची ठिणगी कमजोर पडत नाही का? आणि थंडच टाकायचा तर दोन नंबर थंड टाकलेला जास्त सुरक्षित नाही का?

ठिणगीशी याचा संबंध नाही. प्लग स्वतःला लागलेली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, ते ‘थंड’ आणि ‘गरम’ या शब्दांनी सांगितलं जातं. प्लगच्या तोंडातून आत पाहा. मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या चिनी मातीचं निमुळतं नाक दिसेल. ते लांब असेल तर टोकाची उष्णता धातूच्या कवचापर्यंत लांबच्या वाटेने जाते आणि टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन कवचात, तिथून हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) आणि कूलंटमध्ये उतरते. हा थंड प्लग.

टोकाचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावं लागतं. ४५०च्या खाली काजळी जळून जात नाही, साचत राहते. ८५०च्या बरंच वर गेलं की टोकच निखारा बनतं आणि ठिणगी पडायच्या आत मिश्रण पेटवतं. याला प्री-इग्निशन म्हणतात. पिस्टन अजून वर चढत असतानाच त्याच्या डोक्यावर जाळाचा दाब येतो, आणि भर बूस्टवर (टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असताना) हे घडलं तर काही सेकंदांत पिस्टन वितळून भोक पडू शकतं. म्हणून ट्यून केलेल्या गाडीत मूळ प्लग तसाच ठेवणं हा खरा धोका आहे.

एका नंबराने टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. मूळ ताकदीवर ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक नंबर थंड, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. तुमची वाढ ८०ची आहे, म्हणजे तुमच्या ट्यूनरचं म्हणणं बरोबर आहे.

दोन नंबर थंड मात्र टाकू नका. गाडी रोज सावकाश चालते तेव्हा असा प्लग ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. नाकावर काजळी बसते, काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. मग वीज गॅप (मधलं टोक आणि बाहेरची पट्टी यांच्यातली फट) ओलांडायच्या ऐवजी नाकावरून सरळ कवचात उतरते. सकाळी गाडी उशिरा सुरू होते, आयडलला थरथरते, आणि न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही खराब करतं. गाडी फक्त ट्रॅकवरच धावत असेल तर गोष्ट वेगळी.

नंबर वाचताना एक काळजी घ्या. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६, ७, ८, ९ म्हणजे डेन्सोचा अंदाजे २०, २२, २४, २७. कंपनी बदलताना नुसत्या आकड्याची बरोबरी करून प्लग आणणं ही इंजिन गमावण्याची वाट आहे.

प्रश्न : नवे इरिडियम प्लग टाकले. पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी सुरळीत पळते, पण चौथ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल दिला की बूस्ट चढताच झटके देते. कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज देणारे भाग) बदलून पाहिल्या, फरक नाही. खोक्यावर ‘गॅप आधीच लावलेली आहे’ असं छापलंय.

तुमच्या प्लगच्या कोडच्या शेवटी ११ हा आकडा आहे का, ते आधी पाहा. एनजीकेच्या कोडमध्ये शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. ती लावलेली असते हे खरं, पण बिनटर्बोच्या इंजिनासाठी.

सिलिंडरमधला दाब जितका जास्त आणि गॅप जितकी मोठी, तितका ठिणगी पाडायला लागणारा व्होल्टेज जास्त. पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिनाचे फेरे झटकन वाढतात, टर्बोला पूर्ण दाब भरायला वेळच मिळत नाही. चौथ्या गिअरला इंजिन ओझ्याखाली बराच वेळ राहतं, बूस्ट पूर्ण चढतो, आणि कॉइलला जेवढं देता येतं त्याहून जास्त व्होल्टेज प्लग मागतो. ठिणगी पडतच नाही, किंवा गॅप सोडून चिनी मातीच्या बाहेरून कवचावर उडी मारते. कॉइल नवी असो वा जुनी, तिची एक मर्यादा असतेच.

मूळ स्थितीतल्या टर्बो गाडीला बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप पुरते. बूस्ट वाढवलेल्या गाडीला ०.५५ ते ०.६५. तुम्ही ०.७पासून सुरुवात करा. झटके राहिले तर ०.०५ने कमी करत जा आणि झटके थांबले की तिथेच थांबा. उगाच ०.५च्या खाली गेलात तर ठिणगी इतकी आखूड पडते की आयडलला आणि हलक्या थ्रॉटलला मिश्रण नीट पेट घेत नाही. झटके थांबतील अशी सगळ्यात मोठी गॅप हीच तुमची योग्य गॅप.

इरिडियमचं टोक सुईसारखं असतं, जाडी अवघी ०.४ ते ०.६ मिलिमीटर, आणि इरिडियम ठिसूळ आहे. नाण्यासारखं गोल गॅप-गेज मध्ये घुसवून टोकावर रेटा दिलात तर ते तुटतं किंवा त्याचा जोड सैल होतो. तारेचं गेज वापरा. गॅप कमी करायची तर प्लग उलटा धरून बाहेरची वाकडी पट्टी एखाद्या सपाट, कठीण पृष्ठभागावर हलकेच टेकवा, टक असा आवाज येण्याइतकंच. मोजा, परत टेकवा. वाढवायची तर बारीक चिमट्याने फक्त बाहेरची पट्टी उचला, मधल्या टोकाला स्पर्शही नको. एकूण बदल ०.२ मिलिमीटरच्या आत ठेवा. त्याहून जास्त वाकवलं की पट्टी तिरकी होते आणि ठिणगी एका कडेवरच पडत राहते. तुम्हाला १.१वरून ०.७वर यायचंय, म्हणजे ०.४चा फरक. हे प्लग वाकवत बसण्यापेक्षा त्याच मापाचा, ०.८ गॅप लावलेला प्लग आणा आणि तिथून थोडा कमी करा.

प्रश्न : ट्यून केलेल्या गाडीला कॉपरच उत्तम असं काही जण सांगतात, काही जण इरिडियमशिवाय बोलत नाहीत. नेमकं काय घ्यावं?

‘कॉपर प्लग’ या नावानेच घोटाळा केलाय. तांबं फक्त आतल्या गाभ्यात असतं, आणि ते जवळपास सगळ्याच प्लगमध्ये असतं. ज्या टोकावर ठिणगी पडते ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ला आणि इरिडियम २४४६ला. निकेलचं टोक म्हणून जाड, साधारण अडीच मिलिमीटरचं ठेवावं लागतं, तरी ते लवकर झिजतं आणि कडा गोल होतात. ठिणगीला धारदार कड हवी असते. बारीक इरिडियम टोकावरून ती कमी व्होल्टेजला सुटते, म्हणजे त्याच कॉइलवर तुम्ही थोडी मोठी गॅप ठेवू शकता.

रस्त्यावर चालणाऱ्या, बूस्ट वाढवलेल्या गाडीसाठी आमचा कौल इरिडियमला. मूळ गाडीत ते लाखभर किलोमीटर चालत असले तरी ट्यून केलेल्या गाडीत ३० हजारांना काढून गॅप मोजा आणि वाढली असेल तर बदला. निकेलचे घेतलेत तर १० ते १५ हजारांत बदलायची तयारी ठेवा. ट्यूनिंग अजून चालू असेल आणि दर आठवड्याला प्लग काढून पाहायचे असतील, तर तेवढ्या काळापुरते निकेलच सोयीचे.

यात एक अपवाद आहे. काही इंजिनांत एकच कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते. त्यात निम्म्या प्लगमध्ये वीज उलट दिशेने उडते आणि मधल्या टोकाऐवजी बाहेरची पट्टी झिजते. अशा इंजिनाला दोन्ही बाजूंना मौल्यवान धातू असलेलाच प्लग हवा.

बनावट इरिडियम प्लगही खूप फिरतात. तारेसारख्या टोकाच्या मुळाशी लेझरने केलेला जोड भिंगातून पाहा. तो सगळीकडून एकसारखा, स्वच्छ दिसायला हवा. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवरून हाताने फिरवून सहज निघून येत नाही. निघाला तर तो प्लग परत करा.

प्रश्न : प्लग घरीच बदलायचे आहेत. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि प्लग खोल विहिरीत (हेडमधल्या खोल भोकात) बसलेले आहेत. क्रमवार सांगाल का?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग काढताना आटे प्लगबरोबर ओरबाडून येण्याची भीती असते.

कॉइलच्या कनेक्टरची खिट्टी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ती अंगठ्याने दाबूनच सोडवा, पेचकसाने उचकटू नका. कॉइलचा बोल्ट काढा. कॉइल आधी डावी-उजवीकडे फिरवा आणि मग सरळ वर ओढा, कारण रबराचं बूट प्लगला चिकटलेलं असतं. कॉइल ज्या सिलिंडरची, त्याच क्रमाने बाजूला मांडून ठेवा.

आता विहिरीत दाबाची हवा मारा. हे टाळू नका. तळाशी साचलेली वाळू प्लग काढताच सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि भिंतींना ओरखडे पाडते. प्लग पाव फेरा सैल केल्यावर पुन्हा एकदा हवा मारा.

सॉकेट प्लगच्या मापाचाच हवा. १६ मिलिमीटरचा षट्कोन सर्वाधिक आढळतो, जुन्या इंजिनांत २०.८चा, आणि बऱ्याच नव्या इंजिनांत १४ मिलिमीटरचा बारा कोनांचा. सॉकेट जरा जरी तिरका धरला तरी चिनी माती तडकते. प्लग अर्धा फेरा फिरून अडला, तर जोर लावू नका. आट्यांच्या मुळाशी गंज सैल करणारं तेल सोडा, तासभर थांबा, थोडं घट्ट-थोडं सैल असं पुढे-मागे करत बाहेर आणा. काढलेले प्लगही सिलिंडरच्या क्रमाने ठेवा.

नवा प्लग बसवण्याआधी आट्यांची लांबी जुन्याशी शेजारी धरून जुळवा. १९ आणि २६.५ मिलिमीटर ही दोन मापं सगळ्यात जास्त दिसतात. लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. आखूड बसवला तर ठिणगी खोबणीत पडते, हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात, आणि पुढे योग्य लांबीचा प्लग आत जाता जात नाही. कोडमध्ये रेझिस्टरची खूण आहे का तेही पाहा, एनजीकेमध्ये ती आर या अक्षराने असते. साधारण पाच हजार ओहमचा हा रेझिस्टर नसेल तर ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयू आणि सेन्सरपर्यंत पोचतो. हातातून फरशीवर पडलेला प्लग वरून कितीही धड दिसला तरी वापरू नका, चिनी मातीला आतून तडा गेलेला असू शकतो.

बसवताना रॅचेटऐवजी रबरी नळीचा एक तुकडा घ्या. नळी प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि नळीनेच प्लग विहिरीत सोडून फिरवा. आटे सरळ बसले तर प्लग सहज फिरत शेवटपर्यंत जातो. तिरके बसले तर नळी हातात नुसती घसरते, आटे मात्र वाचतात. रॅचेटच्या लांब दांड्याला हा फरक कळत नाही, आणि हेडचे आटे असेच जातात.

शेवटचं घट्ट करणं टॉर्क रेंचने. अ‍ॅल्युमिनियम हेडसाठी, वॉशर असलेल्या प्लगचे सर्वसाधारण आकडे असे: १४ मिलिमीटर आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ला १५ ते २०, १०ला १० ते १२. वॉशर नसलेला, उतरत्या बैठकीचा १४ मिलिमीटरचा प्लग १० ते २०. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. रेंच मिळालाच नाही तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून पुढे अर्धा फेरा, जुना परत बसवत असाल तर बारावा हिस्सा, आणि बिनवॉशरचा फक्त सोळावा हिस्सा.

जास्त घट्ट केलं की कवच ताणलं जातं आणि आतलं सील सुटतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी घट्ट करणंही तितकंच वाईट. प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशरवाटेच हेडमध्ये जाते. सैल प्लगला ती वाट मिळत नाही, आणि विचार करून निवडलेला थंड प्लग गरम प्लगसारखा वागू लागतो.

बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. तो आतल्या स्प्रिंगवर थापू नका. कॉइल दाबून बसवा आणि तिचा लहान बोल्ट बेताने घट्ट करा.

सपाट बॉक्सर इंजिनात जागा इतकी अरुंद असते की सॉकेट आणि एक्स्टेंशन जोडून आत जातच नाहीत. तिथे आधी सॉकेट विहिरीत सरकवा, त्यात आखूड एक्स्टेंशन आतच बसवा, मग रॅचेट. काढतानाही तसेच तुकड्या-तुकड्याने.

प्रश्न : प्लगच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावावं का?

आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर गंज न धरणारा मुलामा असतो, त्यामुळे लावू नये. वंगण लागलेले आटे त्याच टॉर्कला कितीतरी जास्त ताणले जातात. रेंचवर २८ दिसतात, पण आट्यांवर प्रत्यक्षात त्याहून जास्त ताण पडतो. मुलामा नसलेल्या काळ्या आट्यांच्या प्लगला लावणं भागच असेल तर टिपकाभर, टोकाकडचे पहिले दोन आटे सोडून, आणि टॉर्क साधारण ३० टक्के कमी.

प्रश्न : काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या भागावर, षट्कोनाच्या अगदी वर, तपकिरी कडं दिसतंय. सिलिंडरमधला वायू गळतोय का? आणि टोकाचा रंग कसा वाचायचा?

ते कडं निरुपद्रवी आहे. उच्च व्होल्टेजमुळे प्लगभोवती सूक्ष्म विद्युतप्रभार तयार होतो आणि हवेतले तेलाचे कण तिथे चिकटून डाग पडतो. काळजी करायची ती उभ्या काळ्या रेघेची. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ वरच्या टोकापासून कवचापर्यंत गेली असेल, तर ठिणगी बाहेरून उडी मारत होती. बुटाच्या आतही तशीच रेघ सापडेल. मग बूटसुद्धा बदला, नाहीतर नव्या प्लगवर आठवड्याभरात तीच रेघ उमटेल.

टोकाकडे वळू. नाकावर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा म्हणजे सगळं ठीक. कोरडी, मखमली काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा प्लग वाजवीपेक्षा थंड आहे. ओला, चकचकीत काळा थर तेलाचा, मग व्हॉल्व्ह सील, पिस्टन रिंग किंवा टर्बोचं सील तपासा. शुभ्र, फोड आल्यासारखं नाक आणि झिजलेली कड म्हणजे प्लग जळतोय. विटकरी-लालसर थर बहुधा ऑक्टेन वाढवणाऱ्या द्रवातल्या धातूचा असतो, आणि तापल्यावर तोही वीज वाहून नेतो.

दहापट भिंग घेऊन नाक उजेडात फिरवून पाहा. पांढऱ्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके आणि त्यांत मधूनच चमकणारे चंदेरी कण दिसले, तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. इंजिनात नॉकिंग होतंय, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप, झटक्याने पेटतोय. हे दिसल्यावर गाडी पुन्हा बूस्टवर नेऊ नका. आधी इग्निशन टाइमिंग, पेट्रोलचा ऑक्टेन आणि मिश्रणाचं प्रमाण तपासून घ्या. इथे अजून एक नंबर थंड प्लग टाकून भागत नाही, कारण दोष प्लगमध्ये नाही.

मात्र आयडलला उभी राहून बंद केलेल्या गाडीचा प्लग पूर्ण थ्रॉटलबद्दल काहीच सांगत नाही, दहा मिनिटांच्या सावकाश चालवण्यात रंग पुसला जातो. भर ताकदीचं वाचन हवं असेल तर नवे प्लग टाकून डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) पूर्ण भार द्या, तिथेच इंजिन बंद करा आणि मग प्लग काढा.

प्रश्न : चार पट्ट्यांचा प्लग चौपट ठिणगी देतो का? आणि पट्टी ठरावीक दिशेला वळवून बसवण्याने काही फायदा होतो का?

एका वेळी ठिणगी एकाच पट्टीवर पडते, जिथे वाट सर्वांत सोपी तिथे. जास्त पट्ट्यांनी आयुष्य वाढतं, ताकद नाही. उलट ज्वाला पसरायला अडथळा होतो, म्हणून बूस्टवाल्या इंजिनाला एकच पट्टी बरी.

दिशेबद्दल: थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या काही इंजिनांत ती खरोखर महत्त्वाची असते, कारण फवारा आणि ठिणगी यांच्या मध्ये पट्टी आली तर मिसफायर होतो, म्हणजे मिश्रण पेटतच नाही. अशा इंजिनांत प्लग आणि हेडचे आटेच दिशा जुळेल असे कापलेले असतात. तिथे पुस्तिकेतलाच प्लग, आणि टॉर्क काट्यावर. बाकी इंजिनांत पट्टीच्या दिशेमागे धावण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : रोटरी इंजिनाच्या गाडीत चारही प्लग एकाच नंबरचे टाकले तर चालेल का?

नाही. प्रत्येक रोटरला (पिस्टनऐवजी फिरणाऱ्या त्रिकोणी भागाला) दोन प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग. माझदा आरएक्स-८ मध्ये मूळ प्लग लीडिंगला एनजीके आरई७सी-एल आणि ट्रेलिंगला आरई९बी-टी, म्हणजे ट्रेलिंगचा दोन नंबर थंड. काढताना खूण करून ठेवा, अदलाबदल झाली तर गरम प्लग ट्रेलिंगच्या जागी जातो.

प्रश्न : कॉइल काढली तर विहिरीत तेल! प्लग बदलून तीन महिने झाले, आणि आता स्कॅनरवर पी०३०२ कोड येतोय.

पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. तेल व्हॉल्व्ह कव्हरच्या आतल्या, विहिरीभोवतीच्या रबरी सीलमधून येतंय. तेलाने बूट फुगतं, मऊ पडतं आणि त्यातून वीज निसटते. प्लग काढण्याआधी विहिरीतलं तेल शोषून आणि पुसून कोरडं करा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जाईल. मग दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून पाहा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा किंवा बुटाचा. पी०३०२च राहिला तर त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा. विहिरींची सीलं मात्र कव्हरच्या गॅस्केटबरोबर सगळी एकदमच बदला, एक गेलं की बाकीचीही त्याच वयाची असतात.